चार चांगले दात

आमच्या घराण्यात माणूस ओळखायला आडनाव लागत नाही. लग्नकार्यालयात समोरच्या पंगतीतली कुणी बाई हसली की आई मला कोपरानं ढोसते, "ही आपल्यातलीच. डावा सुळा बघ." आणि सुळा असतोच. हिरडीच्या वरच्या अंगाला चढून बसलेला, शेजारच्या दाताला आत ढकलून. आईच्या वडिलांचा असा होता, आईचा आहे, माझा आहे, कऱ्हाडच्या मावशीच्या चारपैकी तीन मुलांचा आहे. दातावर दात असलेला माणूस नशीबवान, असं आई म्हणते. त्या नशिबाचं आजवर काय झालं, हे तिला कुणी विचारत नाही.

लेकीला बारावं लागलं आणि तिचाही सुळा त्याच जागी उगवला. आईनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "आला गं बाई!" नातीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही ती इतकी खूश झाली नव्हती. बायकोच्या माहेरी सगळ्यांचे दात एका ओळीत. तिनं त्याच संध्याकाळी ऑर्थोडॉन्टिस्टची, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची, वेळ घेतली.

बायको कामावरून उशिरा सुटते, त्यामुळे ने-आण माझ्याकडे आली. पुढची दोनेक वर्षं पुण्यात कर्वे रोडवर, नळ स्टॉपच्या अलीकडे, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मी बऱ्याच संध्याकाळी बसलो. (गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ गेला, तेवढा लेकीचा खुर्चीतही गेला नसेल. मेट्रोनं जायची सुबुद्धी तिलाच आधी झाली.) हे दात नेमके कुणाचे, यावरून त्या काळात आमच्या घरात जी ओढाताण चालली, तिच्याबद्दल लिहायचं आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी स्क्रीनवर दोन एक्स-रे शेजारीशेजारी लावले. एक आत्ताचा, टिळक रोडवरून काढून आणलेला ओपीजी, म्हणजे सगळे दात एकत्र दाखवणारा एक्स-रे. दुसरा ती आठ वर्षांची असताना सायकलवरून पडली तेव्हाचा. घरातल्या फायलीत तो पडून होता आणि बायकोनं बरोबर दिला होता. मला रस वाटला तो या जुन्यात. उरलेले दुधाचे दात, आणि त्यांच्या मुळांपाशी हाडात कायमच्या दातांची दुसरी फळी तयार. वरच्या सुळ्यांचे अंकुर तर नाकाच्या कडेला, डोळ्याच्या खोबणीच्या रोखानं, इतके उंच. रोज ज्या चेहऱ्याला आपण भात भरवतो त्याच्या आत एवढं सामान भरलेलं असतं, हे पाहून मी जरा चपापलो. लेक म्हणाली, "शार्क."

डॉक्टर तिच्याकडेच बघत बोलत होत्या. सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते, सगळ्यांच्या मागे, एकही दात न पडता. म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी दुर्लक्ष करतात. मग पुढचे पटाशीचे दात, मग सुळा आणि दाढांच्या मधल्या उपदाढा. वरचा सुळा येतो अकराव्या-बाराव्या वर्षी, जवळजवळ शेवटी. त्याचं मूळ सगळ्यांत लांब, आणि त्याला यायचं अंतरही सगळ्यांत लांब. तोवर बाकीचे आपापल्या जागा धरून बसलेले असतात. म्हणजे आमच्या घराण्याचा सुळा वाकडा नव्हताच. तो फक्त उशिरा येत होता, पिढ्यान्पिढ्या.

यावर एक गोष्ट त्यांनी मला वेगळी सांगितली, कारण ती आईबापांची असते. दुधाच्या दाढा त्यांच्या खालून येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. त्या वेळेपर्यंत टिकल्या तर तेवढी जागा राखली जाते. लवकर किडून काढाव्या लागल्या, तर मागची सहाव्या वर्षाची दाढ पुढे सरकते आणि जागा गिळून टाकते. मग तिथं जागा राखायला एक छोटी तार बसवतात. न बसवली तर पुढे महागात पडतं. "दुधाचे दात, पडणारच आहेत" हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय याची गणती नाही. लेकीच्या बाबतीत तसं काही झालं नव्हतं. तिच्या दाढा वेळेवर पडल्या होत्या. दात मोठे होते आणि जबडा लहान, एवढंच.

घरी आल्यावर हे सांगितलं तर आईनं निकाल देऊन टाकला. "दात आपले आलेत, जबडा सुनेच्या माहेरचा. कसे मावणार?" पुढच्या खेपेला मी तो डॉक्टरांना ऐकवला. त्या हसल्या. म्हणाल्या, एके काळी पुस्तकांतसुद्धा असंच लिहायचे, कुत्र्यांच्या वेगवेगळ्या जातींचा संकर करून पाहिलेल्या प्रयोगांच्या आधारावर. माणसात ते इतकं सरळ चालत नाही. मी हे आईला सांगितलं नाही. सुनेचं माहेर आणि कुत्री एका वाक्यात आणण्याची माझी छाती नव्हती.

मग जबडे लहान का? यावर मी बरंच वाचलं, गरजेपेक्षा जास्तच. रॉबर्ट कोरुचिनी या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चंदीगडच्या आसपासच्या खेड्यांतली आणि शहरातली तरुण मुलं तपासली होती. ती पाहणी १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. दातांची ठेवण बिघडलेली मुलं शहरात जास्त निघाली. लोक तेच, रक्त तेच, ताटातलं अन्न वेगळं. वाढत्या वयात चावायला काही उरलं नाही की जबडा पुरता वाढत नाही, असं त्याचं म्हणणं. आनुवंशिकतेचा वाटा किती आणि चावण्याचा किती, यावर अजून वाद आहे. पण आमच्याकडे पोळी दुधात कुस्करून खायची पद्धत आहे आणि मी त्या दिवसापासून त्या वाडग्याकडे संशयानं बघतो.

त्याच्याही आधी, १९५४ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा रेमंड बेग यानं तिथल्या मूळनिवासींच्या जुन्या कवट्या पाहून वेगळाच मुद्दा काढला होता. खरखरीत अन्नानं दात वरून झिजतात तसे एकमेकांना घासून बाजूंनीही झिजतात, रांग आखूड होत जाते आणि मागच्यांना पुढे सरकायला वाव मिळतो. आपण पीठ चाळून खातो, दात झिजत नाहीत, म्हणून जागा उरत नाही. जी जागा निसर्ग झिजवून करायचा ती आपण दात काढून करू, असा त्याचा हिशेब. त्यानं पातळ गोल तारेची जी पद्धत बसवली, ती भारतातल्या डेंटल कॉलेजांत पुढे कितीतरी वर्षं शिकवली जात होती.

पुण्याच्या माणसाला जुने दात बघायला ॲडलेडला जायला नको. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजनं शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तीन हजार आणि त्याहून जास्त वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. दोनशेच्या वर दफनं मिळाली. त्यांत लहान मुलं बरीच; मातीचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत मूल, आणि हे सगळं घराच्याच जमिनीखाली. त्या मुलांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि ओरेगन विद्यापीठाचे जॉन लुकाक्स यांनी केला आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. दातांच्या घडणीवरून ही माणसं कुणाच्या जवळची, कुणाच्या नात्यातली, असा तो शोध होता. सुटीत लेकीला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात नेलं तेव्हा इनामगावची रंगवलेली भांडी बघताना मी तिला हे सांगितलं. ती क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे आजी लग्नात करते तेच. फक्त पट्टी घेऊन."

पट्टी आमच्याकडेही आलीच. ठसे घ्यायचं ते गुलाबी मिश्रण टाळूवर दाबलं की पोरं ओकारी काढतात. लेकीनं माझा हात नखं रुतेस्तोवर धरला. मग प्लास्टरचे दात तयार झाले. डॉक्टरांनी त्यांची रुंदी एकेक करून मोजली. वर आठ मिलिमीटर जागा कमी, खाली सात. शिवाय पुढचे दात बाहेर झुकलेले, त्यामुळे ओठ मिटायला जोर द्यावा लागायचा. निष्कर्ष असा, की चार उपदाढा काढायच्या. वरच्या दोन, खालच्या दोन. चारही निरोगी, एकही कीड नाही.

बायकोला तारा हव्या होत्या, पण हे तिलाही जड गेलं. आम्ही लष्कर भागातल्या दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घेतलं. ते म्हणाले, जबडा रुंदावून बघू, दात काढायला नकोत. दोन शहाणी माणसं, दोन उत्तरं. नंतर कळलं की हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे. एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्यानं १८९९ मध्ये दातांच्या बिघडलेल्या ठेवणीचे वर्ग पाडले. ते आजही त्याच्याच नावानं शिकवतात. हा माणूस दात काढण्याच्या कट्टर विरोधात. निसर्गानं बत्तीस दिलेत तर बत्तीस बसवता आलेच पाहिजेत, नाहीतर दोष वैद्याचा. चेहऱ्याचा आदर्श म्हणून तो अपोलोचा पुतळा दाखवायचा. दुसरा अमेरिकी दंतवैद्य कॅल्विन केस म्हणायचा, सगळ्यांना एकच नियम कसा लागेल? १९११ मध्ये केस आणि अँगलचा शिष्य मार्टिन ड्यूई यांची यावर जी जुंपली, ती या शास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. गंमत पुढेच आहे. अँगलच्याच दुसऱ्या एका शिष्यानं, चार्ल्स ट्वीडनं, गुरूच्या पद्धतीनं, एकही दात न काढता उपचार केलेल्या आणि नंतर बिघडलेल्या आपल्याच रुग्णांचे दात पुन्हा हाती घेतले. या वेळी उपदाढा काढून. आणि १९४० च्या सुमारास दोन्ही निकाल लोकांसमोर मांडले. अँगल तोवर गेला होता, हे बरंच झालं म्हणायचं.

आमच्या डॉक्टरांनी गुरुशिष्यांची नावं घेतली नाहीत. एवढंच म्हणाल्या, खालच्या दोन सुळ्यांमधलं अंतर ताणून वाढवलं की ते पुन्हा आत येतं, हा अनुभव आहे. तीन-चार मिलिमीटरचा प्रश्न असता तर दातांच्या कडा किंचित घासून भागवलं असतं. सात-आठला आणि पुढे झुकलेल्या दातांना नाही.

मी विचारलं, "नाहीच केलं काही, तर?"

त्यांचं उत्तर मला फार आवडलं, कारण ते धंद्याच्या दृष्टीनं अगदी वाईट होतं. म्हणाल्या, "काही होणार नाही. नीट घासले तर हे दात सत्तरीपर्यंतही राहतील. वेडेवाकडे दात घासायला कठीण, हे खरं. पण वेडेवाकडे म्हणून किडतातच असं नाही." काही गोष्टी थांबवून चालत नाही, त्याही त्यांनी सांगितल्या. पुढचे दात फारच बाहेर असतील तर मूल पडलं की तेच आधी तुटतात. वरचे दात खालच्यांच्या आतून बसत असतील तर लवकर बघावं लागतं. सुळा वेळेला हिरडीत हाताला लागत नसेल तर तो कुठं अडकलाय ते शोधावं लागतं. एकदा सातव्या वर्षी नुसतं दाखवून ठेवावं, तारा लावायला नव्हे, बघायला. "पण हिचं यातलं काही नाही. हिचं तुम्ही ठरवा." मग चष्म्यावरून लेकीकडे बघून, "किंवा ती ठरवेल."

आपल्याकडे तारांचा विषय निघाला की सगळे आरोग्याबद्दल बोलतात. अन्न अडकतं, हिरड्या सुजतात, पचन बिघडतं. दिसण्याबद्दल बोलायची चोरी. मला यात ढोंग वाटतं. आम्ही हे बऱ्याच अंशी दिसण्यासाठी करत होतो, आणि दिसणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. हसताना तोंडावर हात धरण्याची सवय माझी मलाच ठाऊक आहे, बेचाळिसाव्या वर्षीही आहे. आईचा आक्षेप वेगळ्याच बाजूचा होता. "मुलगी आहे म्हणून चाललंय ना हे? मुलगा असता तर लावल्या असत्या तारा?" तिच्या तोंडून हे ऐकून बायको आणि मी दोघंही गप्प झालो. वर्गातल्या तारावाल्यांत मुलं किती, मुली किती, ते मी नंतर लेकीला विचारलं. ती म्हणाली, मुलगेही आहेत. पण आईचा प्रश्न त्यानं खोटा ठरत नाही.

अखेर लेकीनं जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. ती शाळेच्या खो-खो संघात आहे. "पडले की सुळा ओठात घुसतो. दर वेळी. मग दोन दिवस तिखट खाता येत नाही." बस. फोटो नाही, लग्न नाही, पचन नाही. तिनं खालचा ओठ उलटून दाखवला. आत पांढरट व्रण होते. आम्ही दोघं तिच्या दातांवर महिनाभर चर्चा करत होतो आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुला ते कुठं टोचतात. "काढा चार," ती म्हणाली, "पण एका दिवसात नको."

दोन वेळा काढले, एकेका बाजूचे. वरच्या पहिल्या उपदाढेला बहुधा दोन मुळं असतात, हे तिला तेव्हा कळलं आणि दुखणं विसरून ती ते न्याहाळत बसली. बधिर झालेला ओठ चावू नकोस, ही सूचना तिला दहा वेळा द्यावी लागली. घरी आल्यावर नवाच पेच. आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी बीडीएसला आहे. तिला बातमी लागली आणि ती संकोचत विचारायला आली, दात मिळतील का? कॉलेजात सरावाला खरे दात लागतात. किडके, तुटके हवे तेवढे मिळतात. निरोगी उपदाढ मिळते ती अशा तारा लावणाऱ्या मुलांकडूनच. नवी सिमेंटं, नवे गोंद तपासायच्या प्रयोगांतही अशाच उपदाढा वापरतात. मात्र त्या ओल्या ठेवायच्या, सुकल्या की तडकतात.

आई हादरली. तिच्या माहेरी पडलेला दात शेणात घालून कौलावर टाकायचे. आमच्या सोसायटीला कौलं नाहीत, तिथं ती तुळशीच्या कुंडीपर्यंत तडजोड करून आली होती. "दात काय वाटायची वस्तू आहे?" बायकोच्या मते द्यावेत. मला वाटत होतं, एवढे पैसे देऊन काढलेत तर निदान राहू देत डबीत. असा तिहेरी वाद चालू असताना लेकीनं स्वयंपाकघरातून वाटी आणली, तीन दात पाण्यात घालून खाली देऊन आली. दोन मुळांचा एक ठेवला. कुणाला विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

मग तारा लागल्या. पूर्वी प्रत्येक दाताला स्टीलचं कडं घालावं लागायचं. १९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यानं दाखवलं की आम्ल लावून दाताचा पृष्ठभाग किंचित खरबरीत केला तर त्यावर राळ घट्ट चिकटते. तेव्हापासून कड्यांची जागा हळूहळू दातावर चिकटवायच्या, तार धरून ठेवणाऱ्या छोट्या ब्रॅकेटनी घेतली. पहिली तार इतकी बारीक, की इंचाच्या हजार भागांतले चौदा. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधत असताना हाती लागला. वाकवला तरी मूळ आकारावर परत येतो. आयोवाच्या जॉर्ज अँड्रियासननं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो दातांवर आणला. क्षेपणास्त्राची तार तोंडात आहे, हे लेकीनं वर्गात दोन आठवडे पुरवून सांगितलं.

दात सरकतो कसा, हे मात्र मला वाचूनही पटकन पटेना. दात हाडात पक्का रोवलेला दिसतो, पण दोघांच्या मध्ये पाव मिलिमीटरहून पातळ असा तंतूंचा पडदा असतो. तारेनं एका बाजूला दाब दिला की त्या बाजूच्या पेशी हाड खायला लागतात, आणि मागे, जिथं ताण पडतो तिथं, दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. दात सरकतो म्हणजे त्याचा खड्डाच सरकतो. वेग महिन्याला मिलिमीटरच्या आसपास. उपदाढेची रिकामी जागा सात मिलिमीटर, म्हणजे सुळा तिथं आणायला सहा-सात महिने, आणि हे सगळं सुरळीत चाललं तर. मी विचारलं, तार आणखी आवळली तर लवकर होईल ना? उलट होतं. जास्त जोर दिला की पडद्यातलं रक्त थांबतं, तिथल्या पेशी मरतात, हाड खायला कुणी उरत नाही आणि दात जागच्या जागी अडकून बसतो. मागच्या बाजूनं हाड पोखरलं जाईपर्यंत हलत नाही. कार्ल सँडस्टेट यानं १९०४ मध्ये कुत्र्यांच्या दातांवर हे पाहिलं होतं. (या शास्त्रात कुत्र्यांना फार सोसावं लागलंय.)

खर्चाचं थोडक्यात. आम्हाला सांगितलेले आकडे असे: धातूच्या तारा ४५ हजारांच्या आसपास, दातांच्या रंगाच्या सिरॅमिकच्या त्याहून जास्त, आणि न दिसणारे पारदर्शक अलाइनर दीड-दोन लाख. मेडिक्लेम यातलं काही देत नाही. माझ्या मित्राच्या मुलानं धनकवडीला भारती विद्यापीठाच्या डेंटल कॉलेजात बऱ्याच कमी पैशांत हेच उपचार घेतले. तिथं एमडीएसचे, म्हणजे बीडीएसनंतर पुढचं शिकणारे, विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. वेळ जास्त जातो, हातात घाई नसते. मला तो मार्ग चांगला वाटतो. आम्ही घेतला नाही तो फक्त अंतरामुळे.

खाण्याचं दुःख पहिले दोन महिने. चिक्की बंद, ऊस बंद, तिळाचा कडक लाडू बंद, कणीस दाणे सोडवून, पेरू पातळ फोडी करून. बाकरवडी चार तुकडे करून मागच्या दाढेनं. विरोधी पक्षात असलेल्या माझ्या आईनं संक्रांतीला मऊ वडी केली आणि दिवाळीत चकली चुरून दह्यात घालून दिली, ती आता घरात सगळेच खातात. खरं काम घासण्याचं होतं. ब्रॅकेटभोवती अन्न राहिलं तर महिन्याभरातही दातावर खडूसारखे पांढरे डाग उठू शकतात, आणि तारा काढल्यावर दात सरळ पण डागाळलेले मिळतात. रोज रात्री वीस मिनिटं ती आरशासमोर वेगवेगळे ब्रश घेऊन उभी असायची.

नंतर रबरं आली. वरच्या ब्रॅकेटच्या हुकापासून खालच्या दाढेपर्यंत ताणून लावायची, दिवसभर, झोपेतही, फक्त जेवताना काढायची, रोज नवी. पाकिटांवर ससा, कोल्हा अशी जनावरांची चित्रं. ताकद बदलली की जनावर बदलतं. तारा डॉक्टर लावतात, पण रबरं मुलानं लावायची, आणि लावली नाहीत तर कुणाचं काही चालत नाही. मी सवयीनं सांगायला लागलो, "हो, ती घालते हं नियमित." डॉक्टरांनी मला थांबवलं. "बाबा, मी तिला विचारतेय." मग तिला, "किती तास?" लेक म्हणाली, "शाळेत नाही घातलं. खो-खोची मॅच होती तो आठवडा तर अजिबात नाही." डॉक्टरांनी तोंडात बघून मान हलवली. त्यांना ते आधीच दिसलं होतं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक. मग एक महिना वाढला. तुझा." पुढच्या भेटीपासून मी बाहेरच्या बाकावर बसायला लागलो, आणि आत काय ठरतं ते मला फी देताना कळायचं.

तारा काढायच्या सुमारास डॉक्टरांना आणखी दोन-तीन महिने हवे होते. खालचा एक पुढचा दात अजून थोडा फिरलेला होता. लेक म्हणाली, "कुणाला दिसतो का तो?" "मला दिसतो," डॉक्टर म्हणाल्या. "मग असू दे," लेक म्हणाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. त्या आठवड्यात तारा निघाल्या. ती दिवसभर जीभ दातांवरून फिरवत होती आणि ओठ मिटलेला होता, जोर न देता.

आता सगळ्यांत लांबचा भाग. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून दात सरळ केलेली माणसं रिटेनर (सरळ केलेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन) सुटल्यावर दहा वर्षांनी पुन्हा तपासली. १९८१ च्या त्या अहवालात दोनतृतीयांश लोकांच्या खालच्या पुढच्या दातांनी पुन्हा गर्दी केलेली होती. फिरवून सरळ केलेल्या दाताभोवतीचे हिरडीतले तंतू वर्षभर त्याला जुन्या दिशेला ओढत राहतात, आणि त्यानंतरही जबडा आयुष्यभर थोडाथोडा बदलत असतो. म्हणून खालच्या दातांच्या मागे एक बारीक तार कायमची चिकटवली, आणि वर रात्री घालायचा रिटेनर दिला.

"किती वर्षं घालायचा?" मी विचारलं.

"जोवर दात सरळ हवेत तोवर."

मी मनात हिशेब मांडायला लागलो: दहावी, बारावी, हॉस्टेल, प्रवास. हॉटेलात कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेले रिटेनर ताटांबरोबर कचऱ्यात जातात, हे बाहेरच्या बाकावर मी इतर आईबापांकडून पुरेसं ऐकलं होतं. लेकीला मात्र फक्त आठवणीची सोय हवी होती. तिला अजून फोन घेऊन दिलेला नाही, म्हणून रात्री दहाचा अलार्म तिनं माझ्या फोनवर लावला. पहिल्या रात्री तो वाजला तसा मी उठून तिच्या खोलीकडे निघालो, तर आतूनच आवाज आला, किंचित बोबडा, "बाबा, तू फक्त तो बंद कर. मी कधीच घातलाय."